नुकसानीची नोंद जागच्या जागी

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यानचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, निजामाच्या अमदानीत, मनमाडपासून हैदराबादपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यातून हा लोहमार्ग घातला गेला, तेव्हा येथील कापूस आणि धान्य दूरच्या बाजारपेठांपर्यंत नेण्याचे ते मुख्य साधन ठरले. तो काळ मागे पडून कित्येक दशके लोटली. आज या परिसरातला कापूस परभणी व मानवत येथील जिनिंगला, सोयाबीन परभणीच्या मोंढ्याला व तेथून लातूरच्या तेलगिरण्यांना, आणि हळद वसमत-हिंगोलीच्या बाजारांना जाते ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, टेंपोतून आणि ट्रकमधून. बियाणे, खते आणि सिमेंट गावात येतात तीही त्याच वाटेने. या ने-आणीत मालाची जी खराबी होते आणि तिच्यापायी माल परत फिरविण्याचा जो भुर्दंड पडतो, तो आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की, हिशेबपट्टीतील एका ओळीत त्याची बोळवण करून आपण पुढच्या व्यवहाराला लागतो.

मला सांगावयाची गोष्ट एकच आहे. मालाची ही नासाडी कमी करावयाची असेल, तर माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या प्रत्येक ठिकाणी त्याची स्थिती डोळ्यांनी पाहून, दोघांच्या सह्यांनिशी तिची लेखी नोंद झाली पाहिजे. उत्तम वेष्टने, चांगले ट्रक आणि रुंद रस्ते हवेतच. परंतु नुकसान नेमके कोठे झाले हे जोवर ठाऊक नाही, तोवर त्यांवर होणारा खर्च अंधारात होतो, आणि ज्याच्या हातून चूक घडली त्याला ती सुधारण्याचे कारणही उरत नाही. सारा हिशेब प्रवासाच्या शेवटी होतो, आणि शेवटी झालेल्या हिशेबात तोटा पडतो तो ज्याचा आवाज सर्वांत क्षीण, त्याच्या पदरात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या पिकातच आहे. सोयाबीनचा दाणा हातात घेऊन निरखून पाहिला तर ध्यानात येते की, त्याचे टरफल अतिशय पातळ आहे आणि ज्या भागातून मूळ व अंकुर फुटावयाचा तो नाजूक अवयव त्या टरफलाच्या अगदी लगत, जवळजवळ उघड्यावरच आहे. बियाण्याचा कट्टा ट्रकच्या हौद्यातून खाली फरशीवर आदळला की, दाणा बाहेरून शाबूत दिसतो. त्याचा रंग बदलत नाही, वजन घटत नाही, पिशवीची शिवणही उसवत नाही. आणि तरीही आतल्या अंकुराला इजा झालेली असते. दाणा फार वाळलेला असेल तर तो तडकतो, अधिक ओला असेल तर आतून चेचला जातो. पोती उंचावरून टाकू नयेत, एकावर एक फार उंच थप्पी लावू नये, असा उपदेश कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते दरवर्षी पेरणीपूर्वी करीत असतात, तो याच कारणाने. परंतु तो उपदेश शेतकऱ्याच्या कानी पडतो तेव्हा बियाणे गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून दुकानात आणि दुकानातून टेंपोत असे कित्येकदा उतरून चढलेले असते, आणि त्या प्रत्येक चढउतारात ते कसे हाताळले गेले याचा दाखला कोणापाशीच नसतो.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असली पाहिजे, असा दंडक आहे. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या मोठ्या प्रमाणावर आल्या की, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी ऐन काढणीत झालेल्या पावसाने बियाणेच मुळात दुबळे झाले होते, हे त्या आपत्तीचे एक मोठे कारण होते, आणि वाहतुकीच्या माथी सारा दोष मारणे अन्यायाचे होईल. तथापि दुबळे बियाणे आदळआपट सोसत नाही, हेही तितकेच खरे; आणि शेतातली खराबी किती, गोदामातली किती व रस्त्यावरची किती, याची वाटणी करता यावी असा कागद आपल्या व्यवहारात कोठे तयारच होत नाही. कंपनी, विक्रेता, वाहतूकदार यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येते. शेतकऱ्याला मात्र दुबार पेरणी करावी लागते. न उगवलेले बियाणे दुकानदाराला परत करता येईल, कदाचित त्याची किंमतही मिळेल. परंतु साधलेला वाफसा, जमिनीत गेलेले खत आणि उलटून गेलेले नक्षत्र परत आणण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

दुसरे उदाहरण केळीचे घ्यावे. वसमत आणि अर्धापूर या भागांतील केळी दूरच्या शहरांकडे जाते. ट्रकमध्ये घडांवर घड रचून मध्ये केळीची पाने घालण्याची रीत जुनी आहे. वाटेत घडाला घड घासला की त्या वेळी हिरव्या सालीवर फारसे काही दिसत नाही. डाग उमटतो तो माल पिकविण्याच्या खोलीतून बाहेर आल्यावर, म्हणजे ट्रकचालक भाडे घेऊन परत निघाल्यावर. तेथला व्यापारी भाव पाडतो, कधी मालाचा काही भाग नाकारतो, आणि ती खबर उत्पादकाला दूरध्वनीवरून कळते. शेकडो कोसांवरील त्या मालाची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन उत्पादकाच्या हाती नसते.

सोयाबीनच्या ट्रकची कथा याहून वेगळी नाही. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के ठरलेली असते. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. खाजगी गिरणीच्या फाटकावरही पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढतात व ओलावा मोजतात. परतीच्या पावसाच्या दिवसांत फाटक्या ताडपत्रीखाली भिजलेला माल तेथे अडतो. मग एक तर तो परत आणावा लागतो, म्हणजे जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे, पुन्हा हमाली, पुन्हा वाळवणी आणि ट्रक खोळंबल्याचा आकार असा पाचपदरी खर्च अंगावर येतो. अथवा गिरणी देईल त्या भावात तो तेथेच मोकळा करावा लागतो. हा तोटा प्रथमदर्शनी व्यापाऱ्याचा असतो हे खरे. परंतु व्यापारी ही जोखीम पुढच्या सौद्यातील बोलीत आगाऊच वजा करून ठेवतो, आणि म्हणून ज्या शेतकऱ्याचा माल कोरडा व स्वच्छ होता त्यालाही दुसऱ्याच्या भिजलेल्या मालाचा भार अंशतः वाहावा लागतो.

नाबार्डच्या सल्लागार संस्थेने 2022 मध्ये पूर्ण केलेल्या देशव्यापी पाहणीत काढणीपासून विक्रीपर्यंतची हानी फळांत सुमारे 6 ते 15 टक्के, भाज्यांत सुमारे 5 ते 12 टक्के आणि तेलबियांत सुमारे 3 ते साडेसात टक्के इतकी आढळली. ही सारी हानी रस्त्यावरची नव्हे. काढणी, मळणी आणि साठवण यांचा तीत मोठा वाटा आहे. परंतु ज्या कोरडवाहू शेतीत चार-पाच टक्क्यांवरच वर्षाचा नफातोटा ठरतो, तेथे वाहतुकीने केलेली एक-दोन टक्क्यांची घटही कुटुंबाच्या पोटाशी येते.

आता हानीच्या कारणांकडे वळू. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम न घालता व पाण्याचा निचरा न साधता केलेला डांबरी रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा खालीवर होतो. कडा खचतात, मधोमध खळगे पडतात. अशा रस्त्यावर लोखंडी पाट्यांच्या ट्रकमध्ये सर्वांत जास्त हादरे बसतात ते मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या भागातील आणि थप्पीच्या वरच्या थरातील मालाला. ट्रक अर्धवट भरलेला असेल तर पाटे दबत नाहीत आणि माल अधिकच उसळतो. म्हणून नाजूक माल हौद्याच्या पुढच्या भागात, जड माल तळाशी आणि मोकळ्या जागेत पेंढ्याचा अथवा गोणपाटाचा दाब, ही साधी शिस्तही बरेच काही वाचविते. तागाचे पोते पोत्याला धरून राहते, तर प्लॅस्टिकच्या विणीचे पोते वळणावर घसरते. तेव्हा त्याची थप्पी सांधा मोडून रचावी लागते आणि दोर अधिक जागी आवळावा लागतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांची गोष्ट याच्या उलट आहे. खोक्याचा भार मुख्यतः त्याचे चार कोपरे पेलतात, म्हणून कोपऱ्यावर कोपरा बसेल अशी सरळ रचना केली तरच ते टिकतात, आणि दमट हवेत भिजलेला पुठ्ठा निम्म्या वजनालाही खचतो. यात गहन असे काही नाही. अनुभवी हमालाला आणि चालकाला हे सारे पाठ असते. मग ते आचरणात का येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

ते येत नाही, कारण काळजी घेण्याचा मोबदला कोणाला मिळत नाही आणि न घेण्याचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. हमालाची मजुरी पोत्यांच्या संख्येवर ठरते. जितकी पोती लवकर खाली पडतील तितकी त्याची चूल अधिक पेटेल, अशी व्यवस्था करून ठेवल्यावर त्याने प्रत्येक कट्टा अलगद ठेवावा ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही. पन्नास किलोचे ओझे दिवसभर पाठीवर वाहणाऱ्या माणसाने पोत्याला लोखंडी आकडा लावला तर तो आपल्या बोटांचे आणि मणक्यांचे रक्षण करीत असतो. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा करून या श्रमजीवींना जे संरक्षण दिले, ते देशात अग्रेसर होते. त्याच परंपरेला शोभेल असा पुढचा टप्पा म्हणजे, बियाणे, फळे आणि काचसामान यांसारख्या नाजूक मालासाठी आकड्याशिवाय, हातावर घेऊन उतरविण्याचा वेगळा आणि वाढीव दर बाजार समितीने व हमाल संघटनेने एकत्र बसून ठरविणे. चालकाचेही तसेच आहे. मोटार परिवहन कामगारांच्या 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगितली असली, तरी भाडे खेपेवर ठरते आणि झोप रस्त्याच्या कडेला होते. दमलेला चालक खळगा चुकविण्याऐवजी त्यावरूनच गाडी नेतो, आणि तो हादरा मालाला बसतो. या दोघांना दोषी ठरवून प्रश्न सुटणार नाही. नोंदीची पद्धत मी मागतो आहे ती त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे. गोदामातच ओला झालेला माल आपण भिजविला नाही, हे सिद्ध करण्याचे साधन चालकालाही आज उपलब्ध नाही, आणि नोंदीने ते त्याला मिळेल.

या बाबतीत आपल्या दारावरून जाणारी रेल्वे रस्त्याच्या पुष्कळ पुढे आहे. रेल्वेने माल पाठविताना जी पाठवणीची चिठ्ठी भरून द्यावी लागते, तीत मालाची स्थिती आणि बांधणीतील दोष यांचा शेरा लिहिण्याची तरतूद आहे, आणि त्या शेऱ्यावर 1989 च्या रेल्वे कायद्यानुसार जबाबदारीची निश्चिती अवलंबून असते. नुकसानभरपाईचे दावे ऐकण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणही आहे. रस्त्याच्या वाहतुकीलाही कायदा नाही असे नाही. 1865 चा जुना वाहक कायदा रद्द करून संसदेने रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी 2007 साली नवा अधिनियम केला आणि तो 1 मार्च 2011 पासून अमलात आला. त्यानुसार वाहतूकदाराने नोंदणी करावयाची असते, माल देणाऱ्याने मालाचा तपशील व किंमत लेखी कळवावयाची असते, आणि वाहतूकदाराने पावती, म्हणजे आपण जिला बिल्टी म्हणतो ती, द्यावयाची असते. माल हरवला वा खराब झाला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा बोजा फिर्यादीवर नसतो. ही फार मोठी सवलत आहे. पण तिची माहिती किती शेतकऱ्यांना आहे?

त्याच कायद्यात दोन अशा अटी आहेत की, ज्या ठाऊक नसल्या तर हक्क हातचा जातो. माल नोंदविल्यापासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस दिली नाही, तर दावा चालत नाही. आणि मालाची किंमत आगाऊ जाहीर करून अधिक जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. समजा, एका क्विंटल सोयाबीनचे भाडे 60 रुपये झाले. तर संपूर्ण क्विंटल वाया गेला तरी भरपाईची कमाल मर्यादा 600 रुपये, आणि त्याच क्विंटलचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये होता. प्रत्यक्षात बिल्टीवर मालाच्या किमतीचा रकाना कोरा असतो, मालाच्या स्थितीविषयी अवाक्षर नसते, आणि पुष्कळदा दलालामार्फत मिळालेल्या एकट्यादुकट्या ट्रकला बिल्टीही नसते. असते ती केवळ काट्याची चिठ्ठी आणि चालकाचा दूरध्वनी क्रमांक. अशा कागदावर ना न्यायालय न्याय देऊ शकते, ना विमा कंपनी दावा मंजूर करते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. हंगामाच्या गर्दीत, मोंढ्यात वाहनांची रांग लागलेली असताना, प्रत्येक पोते तपासून शेरे लिहीत बसले तर व्यवहारच ठप्प होईल, आणि त्या विलंबाचा खर्च नुकसानीहून जास्त होईल. परंतु प्रत्येक पोते उघडून पाहण्याची मागणी कोणी केलेली नाही. नगांची संख्या, वजन, माल कोरडा की ओला, फाटलेली किंवा उसवलेली पोती किती, आणि ताडपत्री धड की फाटकी, एवढ्या पाच गोष्टी बिल्टीच्या मागे लिहून देणाऱ्याने व घेणाऱ्याने सही करावयास काही मिनिटे पुरतात. आज प्रत्येक चालकाच्या खिशात छायाचित्र घेणारा फोन आहे. भरलेल्या हौद्याचे एक आणि ताडपत्री बांधल्यावर एक, अशी दोन छायाचित्रे उद्याचा कज्जा टाळावयास पुरेशी ठरतात. जो वेळ आपण वजनकाट्यासाठी बिनतक्रार देतो, त्याच्या काही अंशात मालाच्या प्रकृतीचीही खातरजमा होऊ शकते.

नोंद सुरू झाली की उपायांची दिशा आपोआप स्पष्ट होईल. एखाद्या रस्त्याने आलेला माल वारंवार खराब होत असेल तर तो रस्ता कोणता हे सार्वजनिक बांधकाम विभागाला कागदानिशी दाखविता येईल. एखाद्या गोदामात पोती भिजत असतील तर ते गोदाम उघडे पडेल. आणि जो हुंडेकरी धड ताडपत्री व जाणता चालक देतो, त्याला दोन पैसे अधिक भाडे मागण्याचा हक्क प्राप्त होईल. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 पासून परभणीत आहे आणि सोयाबीनचे अनेक वाण त्याने दिले आहेत. एकाच लॉटमधील बियाणे भरणीपूर्वी, उतरविल्यावर आणि दुकानातून गावी पोहोचल्यावर अशा तीन टप्प्यांवर तपासून उगवण कोठे किती घटते याचे मापन त्या विद्यापीठाने करावे आणि त्याचे निष्कर्ष दरवर्षी पेरणीपूर्वी प्रसिद्ध करावेत. बाजार समितीने आवाराच्या फाटकावर ओलावा मोजण्याचे यंत्र ठेवून त्याचा आकडा काट्याच्या चिठ्ठीवरच छापावा, म्हणजे भिजलेला माल लातूरपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रसंग ओढवणार नाही. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही, आणि मोठी तरतूदही लागत नाही.

शेवटी माझी विनंती पिंगळीच्या आणि आसपासच्या गावांतील शेतकरी बांधवांना आहे. माल ट्रकमध्ये चढविल्यावर केवळ पोती मोजून घरी परतू नका. बिल्टी मागून घ्या, तीवर मालाची किंमत लिहावयास लावा, माल कोरडा व शाबूत दिल्याचा शेरा मारून चालकाची सही घ्या, आणि तुमच्याकडे बियाणे येईल तेव्हा ते उतरवितानाची स्थिती त्याच पद्धतीने नोंदवून ठेवा. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे घालून उगवण पाहा, आणि ती कमी भरली तर पावती व पिशवीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवून तत्काळ लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीला कोणत्याही कार्यालयात किंमत नाही. सही असलेल्या एका ओळीला आहे, आणि ती ओळ लिहून घेण्याचा हक्क आजही तुमचाच आहे.